परतीच्या गाडीचं काय?

प्रति,
अध्यक्ष, खजिनदार आणि ‘कार्यक्रमाचं मी बघतो’ म्हणणारे दादा,
समस्त यात्रा कमिट्या, पारायण कमिट्या, गणेशोत्सव मंडळं आणि युवक मंडळं,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि आसपासची गावं.

विषय : वाजवणाऱ्याला घरी पोचवण्याबाबत.
संदर्भ : माझ्या कपाटातले ४३ टॉवेल.

सप्रेम राम राम.

मी पेटी वाजवतो. तुमच्यातल्या निम्म्यांकडं वाजवून गेलोय आणि उरलेल्या निम्म्यांशी बिदागीवरून फिसकटलंय, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. पत्र लिहायचं कारण ताजं आहे.

गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता फोन वाजला. माझ्याकडं शिकणारा पोरगा, वय १७. तुमच्यापैकीच एका कमिटीकडं कीबोर्ड वाजवायला गेला होता. कार्यक्रम झाला, आभार झाले, मंडपवाला कनाती सोडायला लागला. ज्या दादांनी दुपारी त्याला घरातनं मोटरसायकलवर बसवून नेलं होतं ते ‘दोन मिनटात आलोच’ म्हणून गेले ते गेलेच. पोरगा चालत हायवेच्या फाट्यावर आला आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसला. मी स्कूटर काढली. जाऊन बघतो तर दव पडू नये म्हणून त्यानं कीबोर्डवर टॉवेल पांघरलाय. नवा कोरा, घडीसुद्धा मोडली नव्हती. तुम्ही स्टेजवर सत्कारात दिलेला.

मला हसू आवरेना. ‘सर, हसूलासा काय?’ पोरगं चिडलं. आता त्याला काय सांगणार, की त्याच फाट्यावर, त्याच कट्ट्यावर, तसलाच टॉवेल डोक्याला गुंडाळून मी १९९६ साली बसलो होतो. फरक एवढाच की माझ्याकडं फोन नव्हता आणि न्यायला येणारं कोणी नव्हतं.

सुरुवातीपासनं सांगतो.

आमचे अप्पा वडगावात मागावर होते. घरात दिवसभर मागाची खटखट, त्यात माझी पेटी. अप्पा म्हणायचे, ‘दोन्हीचा आवाज सारखाच हाय बग. मागातनं कापड निघतंय, एवढाच काय तो फरक.’ पहिली सुपारी १९९५ सालची. (सुपारी म्हणजे कार्यक्रम ठरणं. हे पत्र पोलिसांनी वाचलं तर उगाच गैरसमज नको.) गावातल्या भजनी मंडळाचा पेटीवाला तापानं पडला म्हणून मला नेलं. रात्रभर जागर, सकाळी काकड आरती, आणि बिदागी म्हणून नारळ, टोपी, टॉवेल. घरी येऊन तो टॉवेल अप्पांच्या पुढ्यात टाकला. म्हटलं, ‘बघा, पेटीतनंपण कापड निघतंय.’ अप्पांनी टॉवेल हातात घेतला, उभ्या धाग्यावरनं अंगठा फिरवला, आणि म्हणाले, ‘विरळ हाय.’

टॉवेलवर पोट भरत नाही, म्हणून दिवसा एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात राहिलो. रोज २० रुपये. गावोगावच्या पेट्या तिथं यायच्या. पेटीचा सूर म्हणजे पितळेची छोटी जीभ. ती टोकाकडं घासली की सूर चढतो, बुडाकडं घासली की उतरतो, आणि जास्त घासली की मालक तुमच्यावर चढतो. दुरुस्तीला आलेली पेटी आधी उलटी करून झटकायची हा तिथला नियम. काय काय पडायचं! अक्षता, उदबत्तीच्या काड्या, पाच पैशांची नाणी, कुणाची तरी कवळी सुपारी. एका मंडळाची तक्रार होती की पंचम लागत नाही. उघडली, तर पंचमाच्या जिभेत झुरळाची टांग अडकलेली. आणि भात्याच्या घडीत एक कागद. वर्गणीचा हिशेब होता, नावानिशी, सहीनिशी. नंतर कळलं की त्या गावात दोन वर्षं ह्याच कागदावरनं भांडण चाललं होतं आणि खजिनदार देवावर हात ठेवून ‘उंदरानं खाल्ला’ असं सांगत होते. मी कागद घडी घालून होता तिथं ठेवला. पंचम तेवढा लावून दिला. खजिनदार साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर, कळलं ना?

पेटी घेऊन हिंडायचं म्हणजे लाल गाडी. माझी पेटी साडेबारा किलोची. गाडीवरच्या पाट्या कानडीत, त्यामुळं मी कानडी वाचायला पेटीमुळं शिकलो, शाळेनं मला ते कधी जमवून दिलं नव्हतं. एकदा खानापूरच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, ‘इदु येनु?’ म्हटलं, पेटी. त्यानं लगेजचं तिकीट फाडलं. पुढच्या स्टॉपला गर्दी वाढली. एक आजीबाई सीट मागायला लागल्या तर मी उठलो. पेटी तशीच सीटवर. आजी म्हणाल्या, ‘ही उचल की.’ कंडक्टर म्हणाला, ‘त्याचं टिकट हाय.’ माझंही होतं, पण ते उभ्याचं ठरलं. खानापुरापर्यंत पेटी खिडकीशी बसून गेली आणि मी दांड्याला लोंबकळत.

जायचं असं कसंबसं जमायचं. यायचंच काय ते अवघड. निपाणीचं सांगतो.

१९९७ चा उन्हाळा. निपाणीजवळच्या एका गावात सप्ताहाची सांगता. आणायला जीप आली होती, पुढं बुवा आणि मी, मागं टाळकरी. गाव वेशीपर्यंत सामोरं आलेलं. कीर्तन साडेबाराला संपलं. बुवा कोल्हापूरच्या बाजूचे, त्यामुळं जीप त्यांना घेऊन तिकडं गेली आणि मी बेळगावच्या बाजूचा, म्हणून हायवेवर. कमिटीतले एक दादा मला सोडायला आले होते. म्हणाले, ‘काळजी कशाला करतोस? इथं उभारलं की गाड्याच गाड्या.’ खरं होतं. गाड्याच गाड्या होत्या. सगळ्या मुंबई-बेंगळूरच्या, आणि त्यांना थांबायचं नव्हतं. दादा पंधरा मिनिटं माझ्याबरोबर उभारले, मग त्यांना झोप आली.

अडीचच्या सुमाराला एक ट्रक थांबला. तंबाखूची पोती होती. केबिनमध्ये आधीच चौघं, म्हणून मी आणि पेटी मागं, पोत्यांवर, ताडपत्रीखाली. पहिली दहा मिनिटं ऐटीत गेली. मग शिंका सुरू झाल्या. संकेश्वरपर्यंत साठ मोजल्या, पुढं मोजायचं सोडलं. पहाटे घरी पोचलो तेव्हा डोळे लालभडक, झोकांड्या जातायत. अप्पांनी दार उघडलं, एकदा वरनं खाली बघितलं आणि सरळ कानफटात दिली. दारू नव्हे, तंबाखू आहे, असं सांगायचं होतं. पण सांगायला आधी शिंका थांबायला पाहिजेत ना.

एवढ्यावर मिटलं असतं तर बरं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनगोळात एका घरी सत्यनारायण, मागनं भजन. पेटी मांडली, भाता ओढला. आता पेटीचं कसं असतं, बाहेरची हवा भात्यानं आत घ्यायची आणि सुरांच्या जिभांवरनं परत बाहेर सोडायची. रात्रभर त्या घड्यांत तंबाखूची भुकटी जाऊन बसलेली. पहिल्या अभंगाला समोरचा टाळकरी शिंकला. घरातल्या आजी म्हणाल्या, ‘सत्य हाय.’ मग पखवाजवाला शिंकला. ‘सत्य हाय, सत्य हाय.’ मग बुवा, मग यजमान, मग पूजेला बसलेली सूनबाई. मी जरा जोरात भाता मारला की माणसांच्या दोन रांगा एकदम शिंकायच्या. आजी बिचाऱ्या तोंड दुखेपर्यंत ‘सत्य हाय’ म्हणत होत्या. शेवटी त्यांनाच अशी काही शिंक आली की दातांची कवळी चौरंगापाशी जाऊन पडली. भजन तिथंच आटोपलं. प्रसाद मात्र दोनदा मिळाला, कारण मला लवकर घालवायचं होतं.

पावसाचं वेगळंच. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या बाजूला, जिथं आपली मलप्रभा उगम पावते, तिथं श्रावणात पेटी नेणं म्हणजे मीठ घेऊन नदीत उतरणं. लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकीला चिकटतात. तिकडं एका वाडीत मी कोमल निषाद दाबला तो वर आलाच नाही. भजनभर मागं निषाद चालू. बुवा उठताना पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘आज तंबोऱ्याची भर चांगली घातलास.’ मी मान खाली घातली. लोकांना विनय वाटला.

नाटकंही केली. खानापूर तालुक्यात यात्रेला गावातली पोरं नाटक बसवतात, नायिका बाहेरनं आणतात आणि पेटी-तबला बेळगावातनं. एकदा नायिका येणारी गाडी वाटेत बंद पडली. मॅनेजर विंगेत येऊन म्हणाला, ‘धा मिनटं काढ.’ मी रात्री दहा ते पावणेएक काढली. येत होतं नव्हतं ते सगळं वाजवलं, मग नांदी पुन्हा वाजवली, मग तिसऱ्यांदा. पण ज्यांनी मराठी संगीत नाटक उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर ह्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आपल्या माणसाला नांदी आणि बाकीचं ह्यातला फरक कळतो. मागनं आवाज आला, ‘अरे, गणपती कितीदा बशिवणार?’ नायिका आली, नाटक सुरू झालं, पहाटे साडेचारला संपलं. नायिकेला परतीची गाडी होती. मला म्हणाले, सकाळी दुधाची गाडी जाते. गेली. मी तिच्यात होतो, कॅनांच्या मध्ये. रस्ता खराब असला की कॅन एकमेकांवर आपटतात. भरलेला कॅन ढब्ब वाजतो, रिकामा काळी चार ह्या स्वरपट्टीत. ह्या ज्ञानाचा मला पुढं काहीही उपयोग झाला नाही.

बाकीचं भराभर सांगतो. वरातीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेंजोवाल्यांबरोबर कीबोर्ड वाजवला. जनरेटर खोकला की कीबोर्ड बंद पडून पुन्हा चालू व्हायचा आणि पट्टी मूळपदावर जायची, म्हणजे बेंजो एका पट्टीत, मी दुसऱ्या, नवरदेवाचे मित्र तिसऱ्या. नाचणाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. एका शाळेत गॅदरिंगपुरता संगीत शिक्षक होतो. चाळीस पोरं आणि चाळीस पट्ट्या, त्यापेक्षा वरात बरी. आणि मंगलाष्टका म्हटल्या. एका दिवशी दोन लग्नं, सकाळी हिंडलग्याला, दुपारी सुळग्याला. नावांच्या चिठ्ठ्या दोन खिशांत. सुळग्यात मी सकाळच्या वधूवरांना भर मांडवात पुन्हा आशीर्वाद दिला. मामाच्या लक्षात आलं, पण तोवर अक्षता पडल्या होत्या. त्या दिवशी मला वऱ्हाडाच्या टेम्पोत बसवलं नाही, ते मात्र मला शंभर टक्के मान्य आहे.

१९९९ च्या निवडणुकीत प्रचाराची गाणी केली. चाल एकच होती माझ्याकडं. ती मी तीन उमेदवारांना विकली, दोन मराठीत आणि एक कानडीत. वाटलं, रिक्षा वेगवेगळ्या गल्ल्यांत फिरणार, कुणाला कळतंय. शेवटच्या संध्याकाळी तिन्ही रिक्षा एकाच चौकात समोरासमोर आल्या. तिन्ही कर्ण्यांतनं तीच चाल, एकीमागनं एक, अर्ध्या अर्ध्या ओळीच्या अंतरानं. पानपट्टीवर चर्चा सुरू झाली की युती झाली. पण एक सांगतो, त्या तिघांनीही मला रेकॉर्डिंगनंतर घरी सोडलं होतं. राजकारण्यांना कोण काय म्हणायचं ते म्हणो, परतीचं भाडं त्यांनी चुकवलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुमचे हिशेब मी बघितलेत, भात्यातले आणि वहीतलेही. यात्रेच्या वहीत एक ओळ असते, ‘जनरेटर, डिझेल व परत टेम्पो भाडे’. दुसरी असते, ‘मंडप साहित्य ने-आण’. म्हणजे जनरेटर घरी जातो. बांबू घरी जातात. खुर्च्या मोजून, एक कमी पडली तर शोधून, घरी जातात. पेटीवाल्याची ओळ काय असते? ‘पेटीवाला, मानधन व टॉवेल.’ तो घरी गेला की नाही ह्याची नोंद कुठल्या वहीत असते, मला दाखवा.

दादा, मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. मी बघितलंय, कार्यक्रम संपला की तुमच्या अंगात त्राण नसतं. चार रात्री जागून, उसनंपासनं करून तुम्ही सगळं उभं केलेलं असतं, आणि त्या घटकेला वाजवणारं पोरगं म्हणजे मंडपातला एक राहिलेला खांब वाटतो. शिवाय आमच्या पेटीची सवयही तशीच. १९४० साली आकाशवाणीनं तिला बाहेर काढलं, ते १९७१ पर्यंत दार काही उघडलं नाही. रस्त्यावर उभारायचं हे आमच्या वाद्याला आमच्याआधीपासनं ठाऊक. त्या सगळ्या वर्षांत कागवाडात जन्मलेले रामभाऊ विजापुरे (१९१७ ते २०१०) बेळगावात बसून पेटी वाजवत आणि शिकवत राहिले, म्हणून तर आज तुमच्या प्रत्येक गल्लीत पेटीवर बोट ठेवणारं एखादं पोरगं सापडतं. तेच पोरगं रात्री दीडला फाट्यावरही सापडतं.

तेव्हा विनंती अशी. कार्यक्रम ठरवताना जो माणूस आणायला येणार त्याचंच नाव परत सोडायला लिहा, आणि त्या माणसाला त्या रात्री दुसरं काही काम देऊ नका, जेवण वाढायचंसुद्धा नाही. मोटरसायकल पाठवणार असाल तर आधी विचारा, वाद्य केवढं आहे. कीबोर्ड आडवा धरून बसलेला पोरगा बघितलाय ना? समोरनं ट्रक आला की त्याला वाद्य वाचवायचं की गुडघा, हे ठरवायला लागतं. लांबचं गाव असेल तर रात्री झोपायला जागा द्या, शाळेची खोली चालते, सतरंजी चालते, मात्र तिथं ढोल ठेवलेले नसावेत, कारण तालमीची पोरं पहाटे पाचला येतात. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा नियम आहेच. तो पाळलात तर वाजवणाऱ्याला शेवटची गाडीसुद्धा मिळेल, पण हे मी लिहून उपयोग नाही, मला माहीत आहे.

टॉवेल बंद करा असं मी म्हणणार नाही. अप्पा गेले, पण त्यांची नजर माझ्याकडं राहिलीय. सत्कार झाला की मी स्टेजवरच अंगठा फिरवून बघतो. अलीकडं फारच विरळ येतायत. द्यायचाच असेल तर अंग पुसण्याएवढा मोठा तरी द्या, दव जास्त पडतं हल्ली.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पेटीवाला
(वडगाव, बेळगाव)

ता. क. गोकाकच्या बाजूला एका कानडी गावात २००१ साली जत्रेला वाजवायला गेलो होतो. माझं कानडी तेव्हा पाट्या वाचण्यापुरतं. कार्यक्रम संपला, मी सवयीनं पेटी उचलून रस्त्याकडं चालायला लागलो, तर कमिटीतले एक म्हातारे गृहस्थ मागनं धावत आले. ‘ऊटा आय्तेनु?’ म्हटलं, जेवलो नाही. त्यांनी घरी नेलं, भाकरी, झुणका, ताक वाढलं, आणि स्वतःच्या मुलाला झोपेतनं उठवून जीप काढायला लावली. मुलगा वाटेत तीनदा पेंगला, मी त्याला जागं ठेवायला वडगावपर्यंत गात आलो. त्या गावाला मी अजून दरवर्षी जातो, २००१ च्याच बिदागीत. टॉवेल ते देत नाहीत.